खारजमिनीतील भात आणि जिवाणूंचे संकेत

(किनारी गावांतील सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कार्यकर्ते यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आले की रायगड जिल्ह्याच्या खारेपाटातील माणसाची नजर समुद्राकडे जात नाही. ती बांधाकडे जाते. पेण, अलिबाग, उरण, पनवेल, मुरूड या तालुक्यांत खाडीकाठच्या हजारो एकर भातशेतीचे भवितव्य मातीच्या एका बांधावर आणि त्यातील उघाडीच्या झडपेवर अवलंबून आहे. बांध टिकला तर भात पिकते. बांधाला खांड पडली तर एका रात्रीत भरतीचे पाणी शेतात पसरते, आणि त्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार जमिनीत येतात. पाणी ओहोटीबरोबर परत जाते. मीठ मात्र मागे राहते. त्या वर्षीचे पीक तर जातेच, परंतु पुढील हंगामांची उमेदही जाते. जमीन अशीच पडून राहिली की तिच्यावर कांदळवन उभे राहते. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे एकदा हातची गेलेली शेतजमीन पुन्हा नांगराखाली आणणे शक्य होत नाही, हेही तितकेच खरे.

अशा या भूमीत पिकाला मीठ सोसण्याचे बळ कसे मिळेल, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. तो खारेपाटातील कुटुंबांच्या निर्वाहाचा प्रश्न आहे. अलीकडच्या संशोधनाने या प्रश्नावर एक नवा प्रकाश टाकला आहे. मुळांभोवती राहणारे काही जिवाणू अत्यल्प प्रमाणात असे पदार्थ सोडतात, की जे वनस्पतीला संकेताप्रमाणे पोचतात आणि तिची मीठ सोसण्याची शक्ती वाढवितात. हे संकेत म्हणजे काय, ते कसे कार्य करतात, आणि खारभूमीतील शेतकऱ्याने त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी व काय ठेवू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बांधाने घडविलेली भूमी

खारजमीन ही निसर्गाने दिलेली शेतजमीन नव्हे. ती माणसाने समुद्राकडून मिळविलेली आहे. खाडीकाठच्या चिखलावर मातीचे बांध घालून भरतीला अडवायचे, पावसाचे गोडे पाणी आत साठवून मीठ धुवून काढायचे, आणि मग भात लावायचे, ही रीत या किनाऱ्यावर कित्येक पिढ्यांची आहे. बांध घालून जमीन काढणाऱ्यांच्या हक्क-जबाबदाऱ्यांसाठी ‘शिलोत्री’ ही स्वतंत्र संज्ञाच या भागात रूढ होती. बांधाची देखभाल आणि जमिनीचे उत्पन्न यांचा संबंध पूर्वजांनी किती जवळचा मानला होता, हे यावरून दिसते. याच भूमीत, अलिबाग तालुक्यातील चरी येथे, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा प्रदीर्घ संप झाला. खाऱ्या मातीत घाम गाळणाऱ्याला पिकाचा न्याय्य वाटा मिळावा, ही त्या लढ्यामागील प्रेरणा होती.

स्वातंत्र्यानंतर या जमिनींच्या रक्षणाकडे शासनाने कायद्याद्वारे लक्ष दिले. १९४८ मध्ये मुंबई राज्याचा खारजमीन अधिनियम झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम संमत झाला. संशोधनाच्या बाजूने पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत हे केंद्र येते. काळा राता आणि भुरा राता हे खारेपाटाचे जुने, तांबड्या दाण्याचे, काटक भात. त्यांतून निवड पद्धतीने काळा राता १-२४ व भुरा राता ४-१० हे वाण पुढे आले. त्यानंतर पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे क्षार सहन करणारे वाण शेतकऱ्यांच्या हाती पडले.

म्हणजे खारभूमीच्या संरक्षणाच्या दोन फळ्या आजवर उभ्या राहिल्या आहेत. पहिली फळी बांधाची आणि दुसरी वाणाची. जिवाणूंच्या संकेतांचे ज्ञान ही तिसरी फळी होऊ शकते. परंतु ती तिसरी आहे, पहिली नव्हे, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे.

मीठ पिकाला कसे मारते

पिकावर मिठाचा घाला तीन प्रकारे पडतो. पहिला प्रकार तहानेचा. मातीतील पाण्यात मीठ वाढले की ते पाणी मुळाला ओढून घेता येत नाही. शेतात पाणी साचलेले दिसते, आणि रोप मात्र दुष्काळात असल्यासारखे कोमेजते. दुसरा प्रकार विषबाधेचा. मिठातील सोडियम मुळावाटे पानांपर्यंत चढतो आणि पेशींतील पोटॅशियमची जागा बळकावतो. पानांचे शेंडे प्रथम पिवळे, मग तांबूस व कोरडे पडू लागतात, ते यामुळे. तिसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. संकटात सापडलेले रोप आपल्या शरीरात इथिलीन नावाचा वायुरूप पदार्थ अधिक प्रमाणात तयार करते. फळे पिकविणारा हाच तो वायू. तो प्रमाणाबाहेर वाढला की मुळांची वाढ खुंटते आणि पाने अकाली गळतात. म्हणजे रोपाचे काही नुकसान मीठ करते, तर काही नुकसान रोपाची स्वतःची घाबरगुंडी करते.

जमिनीचा खारटपणा विद्युतवाहकतेवरून मोजतात. त्याचे एकक डेसीसायमन प्रति मीटर असे आहे. ही वाहकता ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजतात. भाताला साधारणपणे ३ पर्यंतचा खारटपणा झेपतो. त्यापुढे प्रत्येक एककामागे उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी घटते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. क्षार सहन करणारे वाण यापेक्षा अधिक तग धरतात. भाताचे बी खाऱ्या जमिनीतही बऱ्यापैकी रुजते. परंतु रुजल्यानंतरची कोवळी रोपावस्था आणि पुढे फुलोऱ्याची अवस्था या दोन वेळा अत्यंत नाजूक असतात.

खारेपाटातील शेतकरी हे अनुभवाने जाणतो. जून-जुलैच्या मुसळधार पावसात मीठ धुतले जाते व खाली जाते, तेव्हा चिखलावर मोड आलेले बी फेकून रहू पद्धतीने पेरणी होते. पाऊस नियमित राहिला तर पीक तरते. पण मध्येच आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की खालचे मीठ दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. पावसाळा संपल्यावर तर हे चढणे अखंड चालू राहते आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत जमिनीवर पांढरी साय दिसू लागते. म्हणूनच खारेपाटातील बरीचशी जमीन एकपिकी राहिली आहे. उघडिपीचे ते आठ-दहा दिवस रोपाने निभावून न्यावेत, एवढेसे बळ जरी मिळाले, तरी त्याचे मोल मोठे आहे. जिवाणूंच्या संकेतांचा प्रश्न याच ठिकाणी पुढे येतो.

मुळांभोवतीची वस्ती

मूळ केवळ पाणी व अन्न शोषण्याचे साधन आहे, अशी समजूत पूर्वी होती. वस्तुतः मूळ हे देवाणघेवाणीचे ठिकाण आहे. रोप आपण तयार केलेल्या अन्नाचा काही भाग शर्करा व आम्लांच्या रूपाने मुळावाटे मातीत सोडते. त्या अन्नाच्या आशेने मुळांभोवती जिवाणूंची दाट वस्ती होते. मुळाच्या प्रभावाखालील मातीच्या या पातळ थराला जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये वेगळे नाव देऊन त्याच्या अभ्यासाचा पाया घातला. या थरातील चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांपैकी काही उपद्रवी, बरेचसे तटस्थ आणि काही रोपाचे खरे सोबती असतात.

या सोबत्यांचे उदाहरण रायगडकरांच्या अंगणातच आहे. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर या जिल्ह्यात वाल पेरतात, आणि हिवाळ्यात शेताच्या बांधावर वालाच्या शेंगांची पोपटी लावली जाते. वालाचे रोप हळुवार उपटून पाहिले तर मुळांवर गाठी दिसतात. एखादी गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर तिच्यातील जिवाणू हवेतील नत्र रोपाला पुरवीत आहेत, असे समजावे. या गाठी आपोआप होत नाहीत. रोपाचे मूळ प्रथम एक रासायनिक हाक देते. ती हाक ओळखणारा जिवाणू उलट उत्तर पाठवितो. ते उत्तर मुळाला पटले तरच गाठीचे दार उघडते.

जिवाणूच्या त्या उत्तराची रासायनिक रचना फ्रान्समधील तुलूझ येथील शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये उलगडली. कायटिन हा खेकड्या-कोळंबीच्या कवचात असणारा पदार्थ. त्याच्याच साखळीचा एक अगदी लहान तुकडा आणि त्याला जोडलेले स्निग्धाम्लाचे शेपूट, असे त्या रेणूचे स्वरूप आहे. शास्त्रीय भाषेत त्याला लिपो-कायटोऑलिगोसॅकराइड म्हणतात. पुढे २०११ मध्ये असे दिसून आले की, मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीही याच जातीचे रेणू संकेत म्हणून वापरतात. म्हणजे ही भाषा केवळ कडधान्यांची नव्हे, तर वनस्पतिसृष्टीत फार जुनी व दूरवर पसरलेली आहे.

संकेतांची भाषा

जिवाणू एकमेकांशीही संकेतांनी बोलतात, आणि हे ज्ञान प्रथम समुद्रानेच दिले. समुद्रातील काही जिवाणू अंधारात प्रकाशतात. परंतु ते एकेकटे असताना प्रकाशत नाहीत, दाटीने जमल्यावरच प्रकाशतात. प्रत्येक जिवाणू एक विशिष्ट पदार्थ थोडाथोडा सोडीत असतो, आणि तो पदार्थ पुरेसा साठला की सर्वांना आपली संख्या भरल्याची जाणीव होते, हे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. ग्रामसभेत गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव होत नाही, तसाच हा प्रकार. इंग्रजीत या घटनेला १९९४ मध्ये जे नाव मिळाले, त्यातही गणपूर्तीचाच शब्द आहे. मातीतील अनेक जिवाणूही अशीच गणपूर्ती पाहून मुळावर एकत्र येतात, चिकट आवरण तयार करतात व त्या आवरणाखाली राहतात. हे चिकट आवरण काही प्रमाणात सोडियमला बांधून ठेवते आणि मुळाभोवतीची ओल टिकविते.

वनस्पती हे बोलणे नुसते ऐकत नाहीत, तर त्यावरून आपले वर्तन बदलतात, ही गोष्ट गेल्या काही दशकांतील संशोधनाने पुढे आली. येथे तीन प्रयोगांचा उल्लेख पुरेसा आहे.

पहिले काम कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे. तेथे सोयाबीनच्या मुळावरील गाठीतून एक जिवाणू मिळाला. तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जातीचा होता. बीटी या संक्षिप्त नावाने ही जात कापूस उत्पादकांना परिचित आहे. मात्र हा त्यातील वेगळा प्रकार. तो थुरिसिन-१७ नावाचे एक लहानसे प्रथिन सोडतो. या प्रथिनाचे मूळ काम नात्यातल्या प्रतिस्पर्धी जिवाणूंना मारण्याचे; पण वनस्पतीवर त्याचा परिणाम अगदी निराळा दिसला. मोहरीच्या कुळातील अराबिडोप्सिस या लहान रोपावर आणि सोयाबीनच्या बियाण्यावर खाऱ्या पाण्यात प्रयोग झाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत, थुरिसिन-१७ किंवा वर सांगितलेला कायटिनसदृश संकेत मिळालेल्या रोपांत व बियांत प्रकाशसंश्लेषण आणि ऊर्जानिर्मितीशी संबंधित प्रथिनांचा तोल बदललेला आढळला. या संकेताची मात्रा किती? एक ग्रॅम थुरिसिन सुमारे तीन लाख लिटर पाण्यात विरघळविल्यावर जे प्रमाण राहील, तेवढी. एवढ्या अल्प मात्रेत खत म्हणून कोणताही पदार्थ काम करणार नाही. तो अन्न नव्हे, सूचना आहे, हे यावरून उघड होते.

दुसरे काम अमेरिकेतील. बॅसिलस सब्टिलिस या मातीतील सामान्य जिवाणूचा एक प्रकार आणि रोप यांना एकाच बशीत, पण मध्ये आडभिंत ठेवून वाढविण्यात आले. दोघांचा स्पर्श नाही. फक्त हवा सामाईक. तरीही जिवाणूच्या वासरूप पदार्थांनी रोपाची मिठातील वाढ सुधारली. २००८ मध्ये या परिणामाचे कारणही कळले. मुळात व पानांत सोडियमची ने-आण करणारी एक व्यवस्था असते. जिवाणूच्या संकेताने तिचे काम मुळात कमी झाले व वरच्या भागात वाढले. परिणामी मुळावाटे सोडियम कमी आत आला आणि पानांतला सोडियम खाली परत गेला.

तिसरे काम इस्राएल व कॅनडा येथील शास्त्रज्ञांचे, २००४ मधील. इस्राएलच्या अरावा या कोरड्या, खारट प्रदेशातील मातीतून मिळविलेला जिवाणू टोमॅटोच्या रोपांना दिला असता ती खाऱ्या पाण्यातही बरी वाढली. हा जिवाणू संकेत देत नाही, तर रोपाच्याच धोक्याच्या संकेताला आवर घालतो. इथिलीन ज्या पदार्थापासून बनते तो पदार्थच तो खाऊन टाकतो. घाबरलेल्या रोपाला धीर देणारा शेजारी, असे त्याचे वर्णन करता येईल.

या तिन्ही प्रयोगांचे सार एकच. जिवाणू जमिनीतील मीठ नाहीसे करीत नाहीत. ते रोपाला मिठाशी वागण्याची सावध रीत शिकवितात.

भारतातील प्रयत्न

आपल्या देशात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित आहे. तिच्या सुधारणेसाठी हरियाणातील कर्नाल येथे १९६९ मध्ये केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या लखनौ येथील केंद्राने क्षारात जगणारे नत्र स्थिर करणारे व स्फुरद विरघळविणारे जिवाणू निवडून त्यांची द्रवरूप संवर्धके तयार केली आहेत.

किनारी प्रदेशाच्या दृष्टीने तामिळनाडूतील एक शोध अधिक जवळचा वाटतो. भरती-ओहोटीच्या चिखलात उगवणारे पोर्टेरेशिया नावाचे रानटी भात आहे. खाऱ्या पाण्यात दिवसातून दोनदा बुडूनही ते जगते. त्याच्या मुळांशी राहणारा, मीठ सोसणारा, नत्र स्थिर करणारा व स्फुरद विरघळविणारा एक जिवाणू शास्त्रज्ञांना आढळला. २००४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या गौरवार्थ त्याला स्वामिनाथनिया हे नाव देण्यात आले. या शोधाचा बोध रायगडच्या किनाऱ्यालाही लागू आहे. कांदळवनाच्या कडेची माती, खाजणातले गवत, आणि पिढ्यानुपिढ्या काळा राता पिकविणारी शेते ही अशा जिवाणूंची नैसर्गिक भांडारे होत. ज्या जिवाणूला मिठाचीच सवय नाही, तो पिकाला मीठ सोसायला काय शिकविणार? म्हणून दूरदेशीच्या जिवाणूपेक्षा आपल्याच चिखलातला जिवाणू शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. उत्तरेकडील मैदानातील उसर जमीन किंवा देशावरील चोपण जमीन आणि कोकणातील खारजमीन या एक नव्हेत. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो, म्हणून तेथे जिप्सम घालावे लागते. खारजमिनीत मुख्य अडचण विरघळलेल्या समुद्रक्षारांची असते, आणि तिचा मुख्य इलाज गोड्या पाण्याने धुवून काढणे हा आहे. एका ठिकाणी लागू पडलेले संवर्धक दुसऱ्या ठिकाणी तसेच लागू पडेल, असे गृहीत धरणे चूक ठरेल.

प्रयोगशाळा आणि शेत

प्रयोगशाळेतील यश व शेतातील यश यांत अंतर असते. बशीत एकच जिवाणू, एकच रोप व मोजून दिलेले मीठ असते. शेतात लक्षावधी जुने रहिवासी जिवाणू नव्या पाहुण्याला सहजासहजी जागा देत नाहीत. भाताच्या खाचरात पाणी साचते, प्राणवायू कमी होतो, पावसाच्या लोंढ्याबरोबर जिवाणू वाहूनही जातात. संकेताचा रेणू मातीत फार काळ टिकत नाही. इतर जिवाणू तो खाऊन टाकतात. म्हणूनच कोठे उत्पादन वाढलेले दिसते, तर कोठे काहीच फरक दिसत नाही.

या अनिश्चिततेचा गैरफायदा घेणारेही असतात. बाटलीभर द्रवाने खारजमीन गोडी होईल, असा दावा कोणी केला तर तो सपशेल अमान्य करावा. समुद्राचे पाणी ज्या शेतात उभे राहिले, तेथे कोणताही जिवाणू पीक वाचवू शकत नाही. खांड बुजविणे, उघाडी दुरुस्त करणे व पावसाच्या पाण्याने जमीन धुणे यांना पर्याय नाही. जिवाणूंचे साह्य त्यानंतरचे.

तरीही या ज्ञानाला शास्त्राच्या पुस्तकापुरते मर्यादित ठेवणे योग्य होणार नाही. जिवाणू खते स्वस्त आहेत, त्यांनी जमिनीची हानी होत नाही, आणि बीजप्रक्रियेची रीत शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. म्हणून शहाणपणाचा मार्ग अंधविश्वासाचा नाही आणि उपेक्षेचाही नाही. तो पडताळणीचा आहे.

गावाने काय करावे

पहिले काम बांधाचे. पावसाळ्यापूर्वी गावच्या बांधाची व उघाड्यांची पाहणी पंचायतीने करावी. खेकड्यांनी पाडलेली भोके, खचलेला माथा, न मिटणारी झडप यांची नोंद करून ती संबंधित खारभूमी कार्यालयाकडे वेळेत कळवावी. भोक लहान असते तेव्हा ते पाटीभर मातीने बुजते; त्याचीच खांड झाली की होड्या भरून दगडमाती आणावी लागते.

दुसरे काम माती परीक्षणाचे. पेरणीपूर्वी व भात निघाल्यानंतर अशा दोन वेळा नमुने घेऊन विद्युतवाहकता तपासावी. गावातील कोणते शेत किती खारट आहे याचा तक्ता पंचायतीच्या भिंतीवर लागला, तर वाणाची व पिकाची निवड अंदाजाने न होता मोजमापाने होईल.

तिसरे काम जिवाणू खताच्या योग्य वापराचे. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक हे सर्वसाधारण प्रमाण आहे. वालासारख्या कडधान्याला रायझोबियम, आणि भाताला ॲझोस्पिरिलम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू वापरतात. प्रक्रिया सावलीत करावी, बी सावलीतच सुकवावे व लगेच पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावून, जिवाणू खत शेवटी लावावे. पाकीट उन्हात ठेवू नये. जिवाणू खते २००६ पासून आणि जैव उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आलेली आहेत. पाकिटावर जिवाणूचे नाव, त्याची संख्या, निर्मितीची व मुदत संपण्याची तारीख हे सर्व असले पाहिजे. घनरूप खताच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान ५ कोटी, तर द्रवरूप खताच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे मानक आहे. ज्या पाकिटावर ही माहिती नाही, ते घेऊ नये.

चौथे काम पडताळणीचे. गावातील तीन-चार शेतकऱ्यांनी आपल्या शेतात एक-एक गुंठ्याचे दोन शेजारी तुकडे राखावेत. दोन्हींत वाण, खत व पेरणीचा दिवस एकच असावा. एका तुकड्यात जिवाणू प्रक्रिया केलेले बी, दुसऱ्यात न केलेले. कापणीनंतर दोन्हींचे भात वेगवेगळे वजन करून लिहून ठेवावे. उघडीप किती दिवस पडली आणि त्या काळात कोणत्या तुकड्यातील पाने अधिक करपली, हेही टिपावे. असे दोन-तीन हंगाम केले, की जिवाणूंचे साह्य आपल्या गावी मिळते की नाही, याचे उत्तर गावाच्याच हाती येईल. ही नोंद पनवेलच्या संशोधन केंद्रापर्यंत पोचली, तर संशोधनालाही तिचा उपयोग होईल.

पाचवे काम ओल राखण्याचे. भात निघाल्यावर जमीन उघडी न ठेवता पेंढ्याचे आच्छादन घातले, तर उन्हाने पाणी उडून जाण्याचे प्रमाण घटते व मीठ वर चढण्याचा वेग कमी होतो. शेताच्या सखल कोपऱ्यात पावसाचे गोडे पाणी साठविणारे तळे असेल तर हिवाळ्यात एखादी भाजी निघू शकते. आच्छादनाने ओल टिकते, मुळे टिकतात, आणि मुळांभोवतीचे जिवाणूही टिकतात.

शिक्षकांसाठी एक सूचना. चार पेल्यांत अनुक्रमे साधे पाणी आणि लिटरला ३, ६ व १२ ग्रॅम मीठ घातलेले पाणी घ्यावे. प्रत्येकात ओल्या कापडावर वालाच्या दहा-दहा बिया ठेवून आठ दिवस रुजवण मोजावी. मीठ काय करते, हे मुलांना एका आठवड्यात दिसेल. डिसेंबरमध्ये त्याच मुलांना शेतावर नेऊन वालाच्या मुळावरील गुलाबी गाठी दाखवाव्यात. ज्या गावाचा इतिहास बांधाने घडविला आहे, त्या गावच्या मुलांनी आपल्या मातीत मिठाबरोबर आणखी काय राहते, हेही पाहिले पाहिजे.

पूर्वजांनी समुद्र मागे रेटला तो कुदळ, पाटी आणि एकजूट यांच्या जोरावर. त्या बांधाच्या आत त्यांनी केवळ माती राखली नाही, तर मातीतील जिवंत सृष्टीही राखली, हे आज कळून येत आहे. खांड पडते तेव्हा केवळ एका वर्षाचे भात वाहून जात नाही. कित्येक पावसाळ्यांनी गोड केलेल्या त्या मातीत मुळांच्या सोबतीने वसलेली वस्तीही विस्कटते. म्हणून जिवाणूंचे शास्त्र जसजसे पुढे जाईल, तसतसे बांधाचे महत्त्व कमी न होता वाढतच जाणार आहे. सरपंचांनी बांधाकडे, शेतकऱ्यांनी मातीकडे आणि शिक्षकांनी मुलांकडे लक्ष दिले, तर खारेपाटातील भात पुढील पिढीच्याही ताटात राहील. त्यासाठीच्या कामाला येत्या उधाणापूर्वी आरंभ व्हावा.